वृद्ध निराधार आणि सार्वजनिक निवारागृहे : आश्रयदात्यांस सादर निवेदन

जालना जिल्ह्यातील व्यापारी, जमीनदार आणि धर्मशील सद्गृहस्थ यांच्या सेवेशी सादर.

दुष्काळनिवारणाच्या कार्यास्तव आम्ही आपल्या दारी येतो, तेव्हा आपण आम्हांस प्रथम विचारता, “धान्य किती हवे?” हा प्रश्न औदार्याचाच आहे, व त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. परंतु वृद्ध निराधारांच्या निवारागृहांपुरते बोलावयाचे तर एवढ्या प्रश्नाने निम्मेच काम होते. कोठीत ज्वारीची पोती रचलेली असतानाही दात गेलेला म्हातारा उपाशी निजू शकतो. डोक्यावर पत्रे असतानाही वैशाखाच्या दुपारी म्हातारी तहानेने मूर्च्छित होऊ शकते. असे का घडते, आणि आपल्या दानाचा उपयोग त्यावर कसा व्हावा, हे विस्ताराने सांगण्यासाठी अहवालाचे हे प्रकरण लिहिले आहे.

वृद्ध मागे का राहतात

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे त्याचे आठ तालुके. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार भरली. त्या वेळी राज्यात साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ होते. तेच प्रमाण येथे धरले तर जिल्ह्यात पावणेदोन ते दोन लाख वृद्ध होते असे होते. त्यांतील बहुतेक आपापल्या घरी, लेकरांच्या आधाराने दिवस काढतात, आणि तसेच असावे. आमचे बोलणे आहे ते ज्यांस घर उरले नाही, अथवा घर असून त्यात माणूस उरले नाही, त्यांच्याविषयी.

अवर्षण पडले म्हणजे कोरडवाहू शेतीचा मालक आधी बैल विकतो, मग दागिना, आणि शेवटी घराला कडी घालून बाहेर पडतो. तरणी माणसे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे जातात. ती दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडावर कोप्यांत राहणे म्हाताऱ्यांस झेपत नाही, म्हणून ती गावी राहतात. कोणी नातवंडे सांभाळते, कोणी एकटेच असते. ज्यांस अपत्य नाही, ज्या स्त्रियांस तरुणपणीच वैधव्य आले अथवा नवऱ्याने टाकले, ज्यांची नजर गेली, त्यांची पावले मग बसस्थानक, रेल्वेचा फलाट, देवळाची ओवरी किंवा दर्ग्याची कमान यांकडे वळतात. सार्वजनिक निवारागृहात येणारा वृद्ध बहुधा अशाच ठिकाणाहून येतो. तो दमलेला व कित्येक दिवसांचा अर्धपोटी असतो, आणि आपण कोणास भार होत आहोत ही बोच त्याच्या मनात असते.

जुन्या दुष्काळांची शिकवण

१८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्या वेळी जालना हैदराबाद संस्थानात होते. परंतु पावसाने पाठ फिरवताना संस्थान आणि इलाखा असा भेद केला नाही. मुंबई इलाख्यात त्या वेळी मदतकामांवरील मजुराची मजुरी कमी करून धान्याचा हिशेब दिवसास एक पौंडावर आणण्यात आला, आणि त्यावर मोठा वाद माजला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगाने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. अंगात बळ आहे त्यास काम व मजुरी द्यावी. वृद्ध, पंगू, अंध व आजारी यांस मात्र कामाची अट न घालता मदत द्यावी, आणि शक्य तेथे ती त्यांच्या गावीच पोचवावी.

हा भेद आजही विसरण्याजोगा नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने खडी फोडण्याची, तलावांची व रस्त्यांची कामे काढून लाखो कुटुंबे जगवली. मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी यांची आठवण जुन्या मंडळींस अद्याप आहे. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्याच्या हातून पहार उचलत नाही त्यास रोजगाराची हमी कोणत्या उपयोगाची? दुष्काळी कामावर हजेरी लावू न शकणाऱ्यासाठी समाजाने दुसरी वाट ठेवलीच पाहिजे.

अशी वाट आपल्याकडे नवी नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अनाथ पंगुगृह निघाले, आणि ते ‘निवारा’ ह्या नावाने लोकांच्या परिचयाचे आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दूरगावच्या रुग्णांच्या आप्तांसाठीही त्यांनी सोय केली. दान गोळा करणाऱ्या त्या हातात आधी खराटा असे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. निवाऱ्याची पहिली कसोटी त्याच्या मोरीची आणि शौचकूपाची स्वच्छता ही आहे. दर्शनी कमान व देणगीदारांची संगमरवरी पाटी यांचा विचार त्यानंतर.

अन्न : किती, कोणते आणि कसे

म्हाताऱ्यास भूक थोडी, म्हणून अन्नही थोडे पुरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वयोमानाने एकंदर अन्न कमी लागते. परंतु शरीराची झीज भरून काढणारे प्रथिन कमी लागत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोस दिवसाला सुमारे एक ग्रॅम प्रथिन मिळावे, असे साधारण मान आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसास म्हणजे पन्नास ग्रॅम हवे. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरींतून सुमारे पंधरा, पन्नास ग्रॅम तूरडाळीतून अकरा, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटातून सात, आणि अर्धा लिटर दुधातून सोळा ग्रॅम मिळाले, तर हा हिशेब जमतो. ह्यातून डाळ पातळ केली आणि दूध वगळले, तर पोट भरते पण हातापायांचे मांस गळत जाते. मग म्हातारा उठताना भिंत धरतो, पुढे पडतो, आणि पडला की बहुधा पुन्हा उभा राहत नाही. म्हणून दुधाचा खर्च आम्ही औषधाच्या खर्चाबरोबरीचा मानतो.

दुसरा प्रश्न चावण्याचा. दात नसलेल्या माणसासमोर कडक भाकरी ठेवणे म्हणजे ताट वाढून तोंड बांधण्यासारखे आहे. गरम वरणात कुस्करलेली भाकरी, कण्या, मऊ खिचडी, ज्वारीची आंबील, शिजवून घोटलेली पालेभाजी हे आपल्याच घरचे पदार्थ आहेत. त्यांस अधिक पैसा लागत नाही, स्वयंपाकिणीचे थोडे अधिक लक्ष लागते. जो अंडे खातो त्यास अंडे द्यावे. जो खात नाही त्याच्या व्रताचा मान राखावा. मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण यांचे ताट वैद्यांच्या सल्ल्याने निराळे असावे.

तिसरी गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो, कारण ती न कळल्याने सद्भावनेतून अपाय होतो. अनेक दिवस उपाशी राहिलेला मनुष्य आला की त्यास पोटभर गोडधोड वाढण्याचा मोह होतो. हे घातक आहे. उपासाने शरीरातील क्षारांचे भांडार रिते झालेले असते. अशा वेळी एकदम जड अन्न गेले की रक्तातील क्षारांचा तोल बिघडून हृदय बंद पडू शकते. १९४५ साली युरोपातील बंदिछावण्या मुक्त झाल्या, त्या वेळी उपासमारीतून वाचलेली कित्येक माणसे भरपूर अन्न मिळाल्यानंतर दगावली. अशा माणसास प्रथम डॉक्टरांकडे न्यावे, थोडी थोडी पेज वरचेवर द्यावी, आणि अन्न काही दिवसांत क्रमाने वाढवावे.

पाणी आणि ऊन

२०१२-१३च्या दुष्काळात जालना शहराने पाण्याचे जे हाल सोसले ते आपण विसरला नसाल. घाणेवाडीचा तलाव आटला, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून गल्ल्या बसल्या. त्याच तलावातील गाळ नागरिकांनी वर्गणी काढून उपसला, हेही आपल्याच शहराने केले.

निवारागृहाच्या दृष्टीने पाण्याचा हिशेब साधा आहे. आपत्तीच्या प्रसंगीसुद्धा पिणे, स्वयंपाक व स्वच्छता मिळून माणशी दिवसास किमान १५ लिटर पाणी असावे, असे मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय मान आहे. पन्नास वृद्धांच्या गृहास म्हणजे रोज ७५० लिटर. पाच हजार लिटरचा टँकर आठवडाभरही पुरत नाही. अंथरुणास खिळलेली माणसे असतील तर धुण्यास पाणी त्याहून पुष्कळ अधिक लागते. पाणी तुटले की आधी अंघोळ बंद होते, मग कपडे धुणे, आणि त्यामागोमाग खरूज, जुलाब व व्रण येतात.

त्याशिवाय वार्धक्यात तहानेची जाणीवच मंदावते. शरीर कोरडे पडले तरी म्हातारा पाणी मागत नाही. कित्येक जण रात्री उठावे लागू नये म्हणून जाणूनबुजून पीत नाहीत. म्हणून माठ भरून ठेवणे पुरेसे नाही. ठरल्या वेळी पेला हातात दिला पाहिजे. हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस किती पाणी द्यावे हे मात्र डॉक्टरांनी सांगावे. पत्र्यावर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात देणे, खिडक्यांस वाळ्याचे पडदे लावणे, दुपारी बारा ते चार कोणास बाहेर न जाऊ देणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. कोणी बरळू लागला, अंग तापले, तर ते वयाचे खूळ समजू नये. तो उष्माघात असू शकतो. अंग ओले करून वारा घालावा व रुग्णास तत्काळ रुग्णालयात पोचवावे.

शुश्रूषा आणि निजण्याची जागा

ओल्या शहाबादी फरशीवरून पाय घसरणे ही गोष्ट तरुणास हसण्यावारी नेण्यासारखी असेल; वृद्धास ती खुब्याचे हाड मोडण्याची, आणि पुष्कळदा अंतकाळाची सुरुवात असते. मोरीत धरावयास लोखंडी गज, बसावयास उंच आसन, खरखरीत लादी, आणि खाटेपासून शौचकूपापर्यंत रात्रभर तेवणारा दिवा एवढ्याने पुष्कळ हाडे वाचतील. जो उठू शकत नाही त्यास दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीवर व माकडहाडावर व्रण पडतात. ते बरे होण्यास महिने लागतात व त्यांतून रक्तात विष पसरते. हे काम दानपेटी करू शकत नाही. त्यासाठी रात्री जागणारा, शिकवून तयार केलेला आणि वेळेवर वेतन मिळणारा सेवकच लागतो. देणग्यांच्या यादीत हा खर्च कोणी लिहीत नाही, आणि निवारागृहांचे बरेच दुखणे येथेच आहे.

मोतीबिंदूने आंधळा झालेला मनुष्य शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू लागतो, आणि ती शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून विनामूल्य होते. त्यास नेणारा व आणणारा कोणी हवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी व्हावी, म्हणजे त्याचा व शेजारच्या खाटेचाही जीव वाचेल. २०१०पासून चाललेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र खाटांची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले, आणि त्याच महिन्यात सत्तर वर्षांवरील सर्वांस, उत्पन्न न पाहता, पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याची केंद्राची योजना निघाली. सोय आहे; तिच्यापर्यंत पोचवणारा हात हवा.

आणि शरीराइतकेच मनाचे. ज्याने पन्नास वर्षे औत हाकले, जिने दहा माणसांचे घर चालवले, त्यास दिवसभर खाटेवर बसवून ठेवणे ही दया नव्हे. भाजी निवडणे, वाती वळणे, गोधडीला टाके घालणे, परसातील चार रोपांस पाणी घालणे, संध्याकाळी हरिपाठ अथवा ज्याची जी प्रार्थना ती म्हणणे, ह्यांनी माणूस माणसांत राहतो. खाटेच्या क्रमांकाने त्यास हाक मारू नये. बाबा, आजी, मावशी, चाचा अशी ज्यास जी साजेल ती हाक द्यावी.

कायदा आणि कागद

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, व किमान १५० निराधार वृद्धांस सामावणारे गृह राज्यशासनाने स्थापावे अशी तरतूद आहे. परंतु शब्द ‘स्थापू शकेल’ असे आहेत, सक्तीचे नाहीत. त्याआधी १९९५ साली महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली होती. शहरी बेघरांसाठी लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय असणारे निवारे असावेत, असे राष्ट्रीय मान आहे. २०११ साली जालना शहराची वस्ती पावणेतीन लाखांवर होती. मग येथे अशा किती जागा असाव्यात याचे गणित आपण व्यापारी मंडळींनी क्षणात कराल.

श्रावणबाळ योजनेतून पासष्ट वर्षांवरील निराधारास मिळणारी रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. म्हणजे दिवसास पन्नास रुपये. ते मिळण्यास वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते व आधार हवे. मातीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रास उमटत नाहीत, आणि गाव सोडलेल्या म्हातारीजवळ कागद नसतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस तहसील व बँक यांच्या पायऱ्या चढणारा एक लिहिता-वाचता मनुष्य प्रत्येक गृहास असणे अगत्याचे आहे. त्याच्या एका वर्षाच्या खटपटीतून कित्येक वृद्धांस जन्मभराचे अनुदान सुरू होऊ शकते.

जमीनदार बंधूंस एक विनंती. म्हातारपणी मुलांच्या वा नातलगांच्या नावे जमिनीचे बक्षीसपत्र करून पुढे निराधार झाल्याची उदाहरणे घडतात. वरील कायद्याच्या २३व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने सांभाळ नाकारल्यास ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येते. म्हणून ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहावी, आणि आपल्या गावातील अडाणी खातेदारासही हे समजावून सांगावे. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात वृद्धास वकिलावाचून दाद मागता येते. जो पुत्रवान आहे त्याचा भार प्रथम पुत्राने उचलावा. निवारागृह हे कर्तव्य टाळणाऱ्यांची सोय होऊ नये, असेच आमचे मत आहे.

दान कसे द्यावे

पुण्यतिथीस किंवा मुलाच्या वाढदिवसास मिष्टान्नाचे एक जेवण घालण्याची चाल सर्वत्र आहे. त्यामागील भाव आम्ही मानतो. परंतु एका दिवशी दोन गृहस्थांचे श्रीखंड येते, आणि पुढचे पंधरा दिवस दूध नसते, ह्याने वृद्धाचे हित होत नाही. हिवाळ्यात घोंगड्यांचा ढीग पडतो. उन्हाळ्यात टँकरचे पैसे देणारा सापडत नाही. म्हणून आमची विनंती अशी की, आपण प्रसंगाचे दान महिन्याचे करावे. एकाने वर्षभराचे दूध, दुसऱ्याने रात्रीच्या सेविकेचे वेतन, तिसऱ्याने चैत्र ते ज्येष्ठ पाणी, चौथ्याने दवाखान्यास नेण्याआणण्याची गाडी, अशी वाटणी झाली तर कोणा एकावर भार न पडता गृह बारमाही चालेल.

मोंढ्यातील आडत्यांच्या वह्यांत धर्मादायाचे खाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यातील काही हिस्सा ह्या कामी नेमून द्यावा. जिल्ह्यातील बियाण्यांचे व पोलादाचे मोठे कारखानदार यांस कळवावेसे वाटते की, २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याचे शेकडा दोन समाजकार्यास द्यावयाचे असतात, आणि त्या कार्यांच्या यादीत वृद्धाश्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. शेतकरी बंधूंनी खळ्यावरच तूर व ज्वारी बाजूस काढावी. गावात एकट्या राहिलेल्या वृद्धाच्या घरी डबा पोचवावा. हे शेवटचे काम तर सर्वांत उत्तम, कारण त्याने तो वृद्ध आपल्याच उंबऱ्यावर राहतो व निवारागृहाची पायरी चढण्याची वेळ त्यावर येत नाही.

दोन गोष्टी आपण आमच्याकडून हक्काने मागाव्यात. एक, पैपैचा हिशेब. दुसरी, गृहात केव्हाही, आधी न कळवता येऊन पाहण्याची मोकळीक. येताना मात्र ताट देतानाचे छायाचित्र काढण्याचा आग्रह धरू नये. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यास वाढले त्यास घेताना पाहिले जाणे जड जाते. आल्यावर स्वयंपाकघर पाहावे, मोरी पाहावी, अंथरुणाला खिळलेल्याची पाठ पाहावी, आणि घटकाभर कोणाजवळ तरी बसावे.

‘जालना सोने का पालना’ अशी आपल्या शहराची ख्याती पूर्वजांनी व्यापारउदिमाने मिळवली. पाळण्याची ती उपमा लेकरांपुरती न राहता ज्यांचे हातपाय पुन्हा लेकरासारखे दुबळे झाले त्यांसही लागू पडावी, एवढीच आमची इच्छा आहे. पुढील उन्हाळा येण्यापूर्वी पाण्याच्या टाक्या, रात्रीचे सेवक आणि रोजचे दूध ह्या तीन गोष्टींची तजवीज व्हावी, ह्यासाठी आपण यथाशक्ती हात द्यावा, अशी समितीची आपणांस नम्र विनंती आहे.